पाच पायऱ्यांचा जिना

जिन्याला पायऱ्या पाच. लाकडी, दोन्ही बाजूंना कठडा, आणि वर चढून गेल्यावर पोचायला कुठलीच खोली नाही. व्यायामोपचार विभागाच्या कोपऱ्यात तो नुसता मोजण्यासाठी उभा होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण चौसष्ट: बत्तीस नव्या व्यायामाच्या गटात, बत्तीस जुन्या. तीन महिन्यांनी कठडा न धरता जितक्या पायऱ्या चढल्या, तितके गुण. शून्य ते पाच.

मोजायचं काम जिनेवाल्या काकांचं, संगणकावरचं काम दशांशताईचं. हे नाव काकांनीच ठेवलेलं. चहा किती हवा विचारलं तरी ही पोरगी दशांशापुढे दोन आकडे सांगेल, असं त्यांचं म्हणणं. तिची नेमणूक महिनाअखेरीस संपत होती. नव्या व्यायामाचा फायदा दिसला तर अभ्यासाचा दुसरा टप्पा मंजूर होणार होता आणि तिची नेमणूक आणखी दोन वर्षं वाढणार होती.

मध्येच विभागाच्या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरचा परवाना संपला. तिने रडत न बसता ओपन सोर्स साधन उतरवून घेतलं. ते फुकट, शिकवणारं पुस्तकही इंटरनेटवर फुकट. त्यात गणित आणि संशोधनाचा पेपर एकाच फाइलमध्ये लिहायचा. वाक्यात आकडा हाताने टाकायचाच नाही, त्या जागी सूत्र ठेवायचं. माहिती बदलली की वाक्य आपोआप बदलतं. दोन आठवडे डोकेफोड करून तिने सगळं बसवलं आणि उत्तर आलं: नवा गट सव्वा पायरीने पुढे.

"सुंठीवाचून खोकला गेला की!" विभागप्रमुख सर खूश झाले. "परवा पेपर पाठवून दे."

पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात बजावलं होतं, आधी आकड्यांचं चित्र काढा, मग गणित. घाईत तिने तो धडा ओलांडला होता. आता पेपरला आकृती हवी म्हणून तिने स्तंभालेख काढला, तेव्हा काका चहा घेऊन मागे उभे होते.

"काय गं, हा सगळ्यांपासून फटकून उभा आहे तो खांब कुणाचा?"

"नऊ गुणवाल्यांचा. पाच जण आहेत."

"माझ्या जिन्याला पायऱ्या किती?"

"पाच."

"मग हे पाच जण छत फोडून गेले वाटतं!"

ती हसली, आणि मग तिने त्या पाच जणांच्या ओळी उघडल्या.

"काका, तुम्ही नऊ कधी लिहिता?"

"जो तपासणीला येत नाही, त्याला नऊ. पहिल्यापासूनची रीत. चौकट रिकामी ठेवली की सर ओरडतात."

नऊ म्हणजे गैरहजर, हे जुन्या सॉफ्टवेअरला तिच्या आधीच कुणीतरी शिकवून ठेवलं होतं. फाइल इकडे आणताना आकडे आले, शिकवण तिकडेच राहिली. पाचही नऊ नव्या व्यायामाच्या गटातले होते.

"का नाही आले हे?"

"दोघं म्हणाले, तुमच्या त्या नव्या व्यायामाने गुडघा ठणकतो. बाकी तिघांचा फोनच लागला नाही."

ती लॅपटॉप उचलून तशीच सरांच्या खोलीत गेली.

"सर, सव्वा पायरी खोटी आहे."

तिने खांब दाखवला. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"रीत माझीच," ते म्हणाले. "पाच जण वगळून पाहिलंस?"

"अजून नाही. एक ओळ घालायची आहे. म्हटलं, तुमच्यासमोरच घालावी."

"फरकाचं विश्वासांतर शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलं, म्हणजे खरा फरक शून्य किंवा उलटाही असू शकतो असं निघालं, तर फायदा झाला असं म्हणता येणार नाही. मग दुसरा टप्पा नाही. कळतंय ना?"

"कळतंय, सर."

"घाल तर मग. आणि ते पाच का आले नाहीत तेही पेपरात लिही."

तिने ओळ लिहिली: नऊ म्हणजे माहिती नाही. बटण दाबलं. पडद्यावरचं वाक्य बदललं.

'नव्या व्यायामाचा गट, २७ रुग्ण, सरासरी ३.०० पायऱ्या, जुना गट, ३२ रुग्ण, २.६९ पायऱ्या. फरक ०.३१, ९५ टक्के विश्वासांतर उणे ०.२१ ते ०.८३.'