आधी पांढरा हात

गाडीवाल्या लारुसने सकाळी आठला बापलेकीला खोपटापाशी उतरवलं, मागे वळून न बघता बर्फावर चालणारी पट्ट्यांची गाडी खडखडवत तो किनाऱ्याकडे निघून गेला. आता तो येणार संध्याकाळी पाचला. तोवर चारी बाजूंना गोठलेल्या विनिपेग तळ्याचं बर्फ आणि मधे हे आठ फूट बाय सहा फुटांचं लाकडी खोपटं, ज्यात एक शेगडी, दोन स्टुलं, बर्फाखालच्या पाण्यात गळ सोडायला जमिनीत पाडलेली दोन भोकं आणि इंगिमार थोर्स्टेनसन नावाचा पंच्याहत्तर वर्षांचा म्हातारा.

हेरदिसने मुद्दामच हा दिवस निवडला होता. घरी बापाशी काही बोलायला जावं तर तो उठून रंगशाळेत जायचा आणि आतून कडी घालायचा. इथे उठून जाणार कुठे? पण मेली गंमत अशी, की दुपारचे दोन वाजले तरी तिच्याच तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं. बापाला कोंडायला आलेली पोरगी स्वतःच कोंडून बसली होती.

सांगायचं होतं ते दोन वाक्यांत संपणारं होतं. पश्चिमेला, समुद्राकाठी, व्हँकुव्हर बेटावर एका मासेपैदास केंद्रात तिला मुख्य म्हणून बोलावलं होतं. आज दुपारी चारपर्यंत हो की नाही कळवायचं. बस. आई गेली तेव्हा 'चार महिने राहते' म्हणून ती गिमली गावी परतली होती, त्याला सहा हिवाळे झाले. सहा हिवाळे मासळीच्या शेडमध्ये पिकरल जातीचे मासे कापायचे, संध्याकाळी बापाचे टोमणे खायचे आणि शनिवारी हे खोपटं. एकेचाळिसाव्या वर्षी बाई आणखी किती थांबणार?

"दोरी ढिली सोडलीयेस," इंगिमार म्हणाला.

"ढिली नाहीये."

"मला इथे ऐकू येतंय."

"दोरी ढिली असलेली ऐकू येते?"

"तुला नाही येणार. तुझे कान तुझ्या आईवर गेलेत. ती बिचारी आपल्याला ऐकूच येत नाही असं दाखवून चाळीस वर्षं सुखात राहिली."

हेरदिस हसली, आणि हसल्याचा तिला रागही आला. हा माणूस असाच. नाकावर माशी बसू द्यायचा नाही आणि समोरच्याला मात्र एक वाक्य सरळ बोलू द्यायचा नाही. तळ्याच्या या काठावर त्याच्यासारखे गळाला लावायचे शिशाचे खोटे मासे कुणी रंगवत नव्हतं. इथलं पाणी गढूळ, बर्फाखाली तर नुसता काळोख. त्यात पिकरलला दिसायला हवा तो अंधारात उजळणारा रंग. टॉर्चखाली धरायचा, रंग उजेड पिऊन घेतो, मग पाण्यात सोडायचा. पण लगेच नाही. "ताजा पेटलेला मासा म्हणजे लग्नात नवरीपेक्षा नटलेली करवली," इंगिमार म्हणायचा. "पिकरल बिचकतो. जरा मंद होऊ दे." दुपारी हिरवा, तीननंतर गुलाबी, उजेड उतरला की लाल. त्यासाठी खोपटाच्या खिडकीला काळं कापड लावलेलं असायचं, म्हणजे भरदुपारी आत मिट्ट अंधार आणि मंद झालेला रंग डोळ्यांनी जोखता यायचा. तो बरोबर कधी मंद झाला हे इंगिमार सांगायचा, आणि इंगिमार सांगेल तो शेवटचा शब्द.

आणि त्याच्या रंगांना कुणी हात लावायचा नाही. हेरदिसनेही नाही.

पण तिने लावला होता. गेल्या रविवारी तो चर्चमध्ये कॉफी प्यायला गेला, तेवढ्यात तिने रंगशाळेत घुसून एक मासा रंगवला. हिरव्यावर गुलाबी ठिपके. लाचच म्हणा ना. आधी म्हाताऱ्याला खूश करावं, मग बातमी फोडावी. तो मासा सकाळपासून तिच्या खिशात होता.

तिने राय धान्याच्या पावाची, मांस घातलेली शेवटची फोड त्याच्या हातात दिली, कॉफी दिली आणि घसा खाकरला.

"बाबा, हे घ्या. मी केलाय."

"काय केलंयस?"

"मासा. मी रंगवलाय."

आता बोलणी खावी लागणार, असं मनाशी म्हणून तिने मान खाली घातली. तिचा भाचा बारा वर्षांचा असताना त्याने एक मासा रंगवला होता, तर या माणसाने तो बोटाच्या चिमटीत धरून अख्ख्या जेवणाच्या टेबलाला फिरवून दाखवला होता. पोरगं रडत उठलं होतं.

इंगिमारने बोटांनी मासा चाचपला. पोट, पाठ, शेपटी. मग टॉर्च पेटवून त्याखाली धरला, तोंडाने काहीतरी पुटपुटत, आणि टॉर्च विझवला.

अंधार. नुसता अंधार. मासा कुठेच दिसेना. हेरदिसने डोळे ताणले. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. खाली पांढरा द्यायला ती विसरली होती! उजळणारा रंग उघड्या शिशावर कधी पेटत नाही. आधी पांढऱ्याचा हात, तो वाळला की मगच रंग. चालायला लागण्याआधी या घरातल्या पोरांना हे कळायचं. आता हा काय बोलेल, काय बोलेल—

"वा!" अंधारातून इंगिमारचा आवाज आला. "काय पेटलाय! शाब्बास पोरी. मलाही इतका जमला नसता."

शेगडीत लाकूड तडकलं. या माणसाने उभ्या जन्मात 'शाब्बास' म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते न पेटलेल्या माशाला.

मग तिला एकेक आठवायला लागलं. गेल्या हिवाळ्यापासून तो ट्रक चालवत नव्हता. गुडघा दुखतो म्हणायचा. रात्री आठलाच झोपायचा. डोळ्यांत थेंब घालायचा, ते म्हणे कोरडेपणाचे. आणि मंद झाला की नाही हे आताशा तो तिलाच विचारायचा. "बघ गं, तुला काय वाटतं?" ती बापडी समजत होती, म्हातारा आता तिला मान देतोय.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही."

"काय बोलतेस!"

"माझ्या हाताची किती बोटं आहेत सांगा."

"इतक्या अंधारात घुबडालाही दिसणार नाहीत."

ती उठली, खिडकीचं काळं कापड टराटरा ओढून काढलं. बर्फावरचा पांढरा उजेड आत घुसला. इंगिमारने डोळे मिचकावले आणि सावकाश मान वळवत वळवत तिचा चेहरा शोधला, दाराच्या फटीतून बघावं तसा.

"उजेडात दिसतं थोडं," तो म्हणाला. "समोरचं. बाजूचं गेलं. अंधारात काहीच नाही. काचबिंदू म्हणतात. गेलेलं परत येत नाही."

"कधीपासून?"

"मागच्याच्या मागच्या शरदात कळलं."

"दीड वर्ष! आणि कुणाला माहितीये?"

तो कॉफीचा पेला चाचपायला लागला.

"लारुसला माहितीये?"

"त्याला सांगावंच लागलं. गाडीत चढताना हात देतो तो."

"चर्चमध्ये?"

"पास्टरला. आणि कॉफी देणाऱ्या बायकांना. आणि—"

"म्हणजे अख्ख्या गावाला माहितीये आणि घरातलीला नाही!" हेरदिस ओरडली. तिला दार उघडून चालू लागावंसं वाटलं, पण चालून जाणार कुठे? सहा मैल बर्फ. ती दाराशी गेली, परत आली. तीन पावलांत खोपटं संपत होतं. रडू येत होतं, पण म्हाताऱ्याच्या कीवेनं नाही. स्वतःच्या कीवेनं येत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. झालं. संपलं. आता कुठलं बेट आणि कुठला समुद्र! आंधळ्या बापाला टाकून गेली, हे गिमलीतली कुत्रीसुद्धा भुंकून सांगतील. "आता मी कशी जाणार?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणून तर सांगितलं नाही," इंगिमार म्हणाला.

ती वळली. "तुम्हाला काय माहिती मी कुठे जाणार ते?"

"तीन आठवड्यांपूर्वी तुझ्या त्या साहेबाचा घरी फोन आला होता. भला माणूस आहे. खूप बोललो आम्ही. ट्राउट माशांना काय खायला घालतात ते सांगितलं त्याने, चुकीचं घालतात. तेव्हापासून वाट बघतोय, तू कधी सांगतेस." तो चिडून पुढे म्हणाला, "आज चारची मुदत आणि तू मला कॉफी पाजत बसलीयेस!"

"तुम्ही एकटे राहणार? पडाल, भाजाल, भोकात पाय जाईल."

"बघायचंय? लाव ते कापड परत."

"बाबा, उगाच—"

"लाव म्हणतो ना!"

तिने कापड लावलं. अंधार झाला. शेगडीच्या फटीतून लाल रेघ तेवढी दिसत होती. इंगिमार उठल्याचं तिला कळलं. तो शेगडीला बरोबर वळसा घालून रंगवलेल्या माशांच्या पेटीकडे निघाला. आणि इथे हेरदिसने एक वाईट काम केलं. रागाच्या भरात तिने पायाने ती पेटी हातभर बाजूला सरकवली.

त्याचा हात रिकाम्या जागी पडला. फळीवरून बोटं फिरत राहिली, डावीकडे, उजवीकडे. तिला वाटलं, आता सांगावं. तेवढ्यात पेटीचं झाकण वाजलं.

"आईवर नाही गेलीस," तो म्हणाला. "असली हलकट खोडी माझीच."

पेटी फळीवरून घासत परत जागेवर गेली.

"प्रत्येक माशाच्या पोटाला कानशीने खाचा पाडल्यात. एक खाच हिरवा, दोन गुलाबी, तीन लाल. आता वाजलेत तीन, म्हणजे दोन खाचा. हा घे." टॉर्च लागला, विझला. गुलाबी मासा अंधारात टवटवीत पेटला आणि म्हाताऱ्याच्या मुठीची कडा दिसायला लागली. तो आकडे मोजत होता, त्याच्या आजीच्या आइसलँडी भाषेत, हळूहळू. गुलाबी उतरत गेला, उतरत गेला. दोनशेला तो थांबला. हेरदिसने बघितलं; बरोब्बर तेवढाच मंद, जेवढा तो पूर्वी डोळ्यांनी ठरवायचा.

"झाला," तो म्हणाला. तिला विचारलं नाही. खारवलेला बारका मासा त्याने गळाला अडकवला, दोरी सोडली, तळ लागला तशी दोन वेटोळी वर घेतली आणि बसला.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. मग शेगडीच्या लाल रेघेत गळाची काठी वाकलेली दिसली. रीळ किर्रकिर्र करायला लागलं. त्याने घाई केली नाही. मासा ओढेल तेव्हा द्यायचं, थकेल तेव्हा घ्यायचं. शेवटी गुडघ्यावर बसून त्याने भोकाची कड एका हाताने धरली, दुसरा हात बाहीसकट पाण्यात घातला आणि कल्ल्यात बोटं घालून भलामोठा पिकरल फळीवर आपटला. मासा तडफडला, पाणी उडालं, शेगडीवर थेंब चुरचुरले. तिच्या हाताची मदत कुठेच लागली नव्हती.

"झालं समाधान? पोस्टातली बाई मंगळवारी-शुक्रवारी येऊन पत्रं वाचेल. लारुस रोज जाता-येता डोकावेल. जेवण मला येतं, तुझ्यापेक्षा बरं येतं. आता कर फोन."

"इथे रेंज नाही."

"दाराबाहेर उजवीकडे बारा पावलं. लारुस तिथूनच करतो."

"चार वाजून गेले असतील."

"पावणेचार. घड्याळ बोलतं माझं, ऐकवू?"

ती आणखी एखादी सबब शोधायला लागली. एकही सापडेना. सहा वर्षं ती मनाशी म्हणत आली होती, बाबा नसते तर कधीच गेले असते. आता बाबा स्वतःच दार दाखवत होते आणि तिचे पाय फळीला चिकटले होते. तिकडे तिला ओळखणारं कुणी नाही. समुद्र तिने जन्मात दोनदा पाहिलेला. केंद्र चालवता आलं नाही तर? इतकी वर्षं बापाच्या नावाने कुलूप लावून किल्ली आपल्याच खिशात ठेवली होती, हे तिला त्या अंधारात कळलं, आणि तिला मनापासून भीती वाटली.

"घाबरलीस?" इंगिमारने विचारलं. टोमणा नव्हता.

"हो."

"मीही घाबरलोय. जा."

ती गेली. वाऱ्याने तोंड सोलून काढलं. मोजून बारा पावलं. फोन लागला, पलीकडून माणूस बोलला, आणि तिने काय सांगितलं ते तिलाही वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. पण 'हो' म्हटलं एवढं नक्की, कारण पलीकडचा आनंदाने हसला.

आत आली तेव्हा इंगिमार स्टुलावर बसला होता, तिचा हिरवा मासा हातात घेऊन. परत परत टॉर्चखाली धरत होता.

"हो म्हणालीस?"

"म्हणाले. एक मे रोजी हजर व्हायचंय."

त्याने मान हलवली. नाक पुसलं, थंडीला शिव्या घातल्या.

"एक सांग," शेवटी तो म्हणाला. "दीड वर्ष तुला पत्ता लागू दिला नाही. आजच कसं कळलं?"

खोटं बोलायचा आता दोघांनाही कंटाळा आला होता.

"तो पेटलाच नव्हता, बाबा."

टॉर्च विझला. तो अंगठ्याने माशाचं पोट चोळत राहिला.

"पांढऱ्याचा हात दिला नाहीस?"

"विसरले."

"विसरलीस!" त्याचा आवाज एकदम पूर्वीसारखा चढला. "थोर्स्टेनसनांची पोर आणि पांढरा विसरते! अगं गाढवे, पाळण्यातलं पोरसुद्धा—" पुढे त्याला बोलवेना. हसू होतं की काय होतं, तिला अंधारात कळलं नाही. "अख्खं तळं लपवलं असतं मी तुझ्यापासून," तो म्हणाला. "जन्मात एकदा तुझं कौतुक केलं, आणि त्यातच सापडलो."

तिने त्याच्या ओल्या बाहीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही. बाहेर लांबून लारुसच्या गाडीची खडखड यायला लागली. आज तो लवकरच निघाला होता.

"मे यायला तीन महिने आहेत," इंगिमार म्हणाला आणि मासा तिच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटली. "उद्या हा खरवडून काढ. आधी पांढरा हात. मी बाजूला बसतो."