अ‍ॅम्प्लिफायरचा दोष

ह्यांच्या मागे घरातल्या वस्तूंची वाटणी मी एका दुपारीत उरकली. थोरल्याने वडिलांचा बास मागितला. बास म्हणजे चार जाड तारांची, खर्जात बोलणारी गिटार. मी "घेऊन जा" म्हटले. दिलेला शब्द मी आजवर परत घेतलेला नाही. त्यामुळे तो बास आता थोरल्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेला आहे आणि त्याच्यावर उजेड पडेल असा एक छोटा दिवा लावला आहे, असे सूनबाई फोनवर सांगते. वाजवत कोणी नाही. अ‍ॅम्प्लिफायर मात्र मागे राहिला, कारण तो उचलायला दोन माणसे लागतात आणि थोरल्याची पाठ आयुष्यात एक ओझे न उचलता दुखते.

ह्यांचे चौघांचे मंडळ होते. दातांचे डॉक्टर ड्रम वाजवत, जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ गिटार वाजवत, चष्म्यांचे दुकान असलेले गात, आणि हे बास वाजवत. एकवीस वर्षे, दर रविवारी दुपारी चार वाजता, आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत. लोकांसमोर कधी नाही. हौस म्हणून, स्वतःपुरते. मी त्या खोलीत क्वचितच बसले. कॉफी केव्हा जाईल, खिडक्या केव्हा बंद होतील, पंखा कोणत्या गतीवर फिरेल हे मात्र मी ठरवीत असे. आणि सहाला मी दारात उभी राहिले की हे शेवटचे गाणे, हे कोणाला सांगावे लागत नसे.

हे गेल्यावर दोन महिने कोणी फिरकले नाही. ती रीत झाली, असे मी मानले. तिसऱ्या महिन्यात मी डॉक्टरांना फोन केला.

"वहिनी, बासशिवाय काय वाजवायचं?" ते म्हणाले. "तिघांनी प्रयत्न केला चष्मेवाल्याच्या गॅरेजमध्ये. पाय मोडलेल्या टेबलावर जेवायला बसल्यासारखं झालं."

"मग दुसरा माणूस शोधा."

"शोधतोय."

"मिळाला की इथेच जमायचं."

ते 'बघू' म्हणाले. 'हो' म्हणाले नाहीत, हे माझ्या ध्यानात आले.

आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात चौतीस माणसे माझ्या हाताखाली होती. घरात दोन मुले, दोन दीर, आणि सासूबाई शेवटपर्यंत. कोणी ना कोणी सदैव माझ्या आवाजाच्या टप्प्यात असे. आता "खिडकी लावा" म्हणावे, तर उठून ती मलाच लावावी लागे. रविवारी चार ते सहा ह्या वेळात घर केवढे मोठे होते, हे त्यापूर्वी मला ठाऊक नव्हते. अशाच एका रविवारी खिडकीची कडी घालता घालता मी ठरवले, की बास मी शिकेन. मग त्यांना यावेच लागेल.

वाद्यांच्या दुकानातला विक्रेता चाळिशीचा, केस मागे बांधलेला होता.

"नातवासाठी का, आजी?"

"आजी तुमच्या घरी असतील. माझ्यासाठी हवा आहे."

त्याने आधी ह्यांच्यासारखा पूर्ण लांबीचा बास मांडीवर दिला. मानेवरच्या पहिल्या पट्टीपर्यंत हात पोचवताना माझा खांदा उखडेल की काय असे वाटले, आणि बासची मान सारखी जमिनीकडे झुकत होती. मग त्याने आखूड मानेचे दोन आणले, चौतीस इंचांऐवजी तीस इंचांचे. त्यांवर माझी बोटे नीट बसली. एकाला दोन बटणे होती, दुसऱ्याला पाच.

"सुरुवातीला साधा बरा," तो म्हणाला. "दोन बटणं. डोक्याला ताप नाही."

"मी नऊ यंत्रं चालवली आहेत. पाच बटणांनी मला ताप येणार नाही."

"तसं नाही, मॅडम. ह्याच्या पोटात सर्किट आहे, म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवायची, वायर लावून..."

"वायर मला कळते. बांधून द्या."

तो गप्प झाला. लोकांना गप्प करणे मला नेहमीच उत्तम जमत आले आहे.

शिकवायला मी कोणाला ठेवले नाही. ह्यांची एक वही होती. तीत प्रत्येक गाण्याचे स्वर आकड्यांत लिहिलेले होते, वर तारेचा क्रमांक, खाली पट्टीचा. अक्षर सुबक. मागे दर रविवारच्या गाण्यांची यादी होती आणि प्रत्येक यादीत तिसऱ्या गाण्यानंतर एकच शब्द होता: 'कॉफी'. माझा त्या वहीतला उल्लेख एवढाच. पहिले पंधरा दिवस बोटांना फोड आले, पुढच्या पंधरा दिवसांत ते कडक झाले. सहा आठवड्यांत तीन गाणी हाताखाली आली. हे दर वेळी वायर काढून, तिची गुंडाळी करून खुंटीला लावीत. मला तो वेळेचा अपव्यय वाटे. माझा बास स्टँडवर उभा असे, वायर एका टोकाने त्याच्यात, दुसऱ्या टोकाने अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. यंत्र कसे, हात लावताक्षणी चालू व्हावे. कारखान्यात माझा तोच दंडक होता.

मग मी डॉक्टरांना फोन केला.

"बास वाजवणारं माणूस मिळालं आहे."

"कोण?"

"मी."

"येतो रविवारी," ते म्हणाले.

शुक्रवारी सर्वांत जाड तार फाटक्या आवाजात बोलू लागली, जणू कोणी कागदी पिशवीत तोंड घालून बोलावे. शनिवारी चारही तारा तशाच. यंत्र कुरकुरले की आधी मोटर पाहावी, हा माझा चाळीस वर्षांचा नियम. ह्या जोडीत वीज खाणारा, वजनदार आणि वय झालेला तो अ‍ॅम्प्लिफायर. तेव्हा दोष त्याच्यातच असणार. मी त्याचा प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला. स्वयंपाकघरातला फ्रिज बंद करून पाहिला. आत धूळ असेल म्हणून त्याची सगळी बटणे वीस वीस वेळा इकडून तिकडे फिरवली, मागचे स्क्रू आवळले. अखेर वायर काढून दुसरी आणली. नवी लावल्यावर पाव तास आवाज स्वच्छ आला, आणि पुन्हा फाटला. माझी खात्री पटली: म्हातारा आतून खिळखिळा झाला आहे. एक दिवस काढ बाबा, एवढेच मी त्याला बजावले.

रविवारी तिघे आले. खोलीत पाऊल ठेवताना प्रत्येकाची नजर आधी ह्यांच्या जागेकडे गेली आणि मग माझ्याकडे. पहिले गाणे कसेबसे पार पडले. दुसऱ्याच्या मध्यावर बास खोकला, बारीक झाला आणि गेला. ते तिघे माझ्याविना थोडे पुढे गेले, मग एकेक करून थांबले.

"अ‍ॅम्प्लिफायर गेला," मी म्हटले. "वय झालंय त्याचं."

मोजणीवाल्यांनी माझ्या बासकडे पाहिले, वायरीकडे पाहिले आणि तोंड उघडले. डॉक्टरांनी त्यांच्या हातात कप दिला.

"कॉफी घे, गार होतेय." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही म्हणताय म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच असणार, वहिनी."

पाच वाजून दहा मिनिटांनी घर रिकामे झाले. पुढचा रविवार कोरडा गेला, त्यापुढचाही. मग डॉक्टरांचाच फोन आला, की एक बँकेतला माणूस मिळाला आहे, बास बरा वाजवतो, आणि आता चष्मेवाल्याच्या गॅरेजमध्येच जमायचे ठरते आहे. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त होईपर्यंत थांबा, असे मी बजावले. ते 'हं' म्हणाले.

दुरुस्तीवाली बाई मंगळवारी घरी आली. पन्नाशीची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणे मोजके. तिने आपला फोन अ‍ॅम्प्लिफायरला जोडला आणि कसलेसे गाणे लावले. खोली दणाणली.

"ह्याला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "तुमच्यामाझ्यानंतरही चालेल हा."

"शक्य नाही. मी सगळं तपासलंय."

"बास तपासलात?"

तिने बास पालथा केला, पाठीवरचे एक लहानसे झाकण नखाने उघडले आणि आतून चौकोनी बॅटरी काढून जिभेला लावली. "मेलीये. वायर कायम लावलेली असते का?"

"यंत्र तयार असायला हवं."

"वायर आत आहे तोवर हा चालू असतो, बाई. तुम्ही वाजवा, नाहीतर झोपा. बॅटरी जळतच राहते. दुकानात सांगतात हे."

"सांगत होते," मी म्हटले.

नवी बॅटरी घातल्यावर बास खणखणीत बोलला. ती आपली हत्यारे पिशवीत भरत होती. "त्या दिवशी वाजवायला तिघं होते म्हणालात ना? कमाल आहे. हे तर कोणाच्याही लक्षात यायला हवं."

ती गेल्यावर मी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला.

"दोष अ‍ॅम्प्लिफायरचा नव्हता. बॅटरी संपली होती."

"हो, वहिनी."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"आधी मोजणीवाल्याला. मग मला."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी कोणाला तरी चूळ भरायला सांगितली आणि फोन घेऊन ते बाजूला आले असावेत. "एकवीस वर्षं आलो तुमच्याकडे. पंखा जरा कमी करा, एवढं म्हणायची आमची छाती झाली नाही. चष्मेवाला भर उन्हाळ्यात स्वेटर घेऊन यायचा, ठाऊक आहे तुम्हाला?"

"ह्यांनी मला कधी सांगितलं नाही."

"तो म्हणायचा, तिचं घर आहे, ती म्हणेल तसं."

"आणि बॅटरी चांगली असती तर?"

"दात काढताना मी रोज खोटं बोलतो, वहिनी, दुखणार नाही म्हणून. तुमच्याशी नाही बोलत. आलो असतो एक-दोन रविवार." मग जरा मऊपणे, "तुम्ही या ना गॅरेजमध्ये. बास घेऊन या."

"पाहीन," मी म्हटले. आमच्या घरात 'पाहीन' म्हणजे नाही. हे डॉक्टरही जाणतात.

पुढचे तीन रविवार चार वाजता मी खाली जाऊन बसले आणि एकटीने वाजवले. वहीत एक गाणे आहे, त्यात बासला बराच वेळ चारच स्वर आहेत, तेच तेच, सावकाश. त्यांच्यावर गिटार आणि गळा चढवला तरच त्याचे गाणे होते. एरवी शेजारच्या खोलीत कोणी येरझारा घालत आहे असा भास होतो. आणि शेजारच्या खोलीत कोणी नाही, हे माझ्याइतके पक्के कोणाला ठाऊक असणार? त्या जागी मुलांना फोन करावा असे मनात येई. पण थोरला म्हणाला असता, "आई, तुला हे कशाला हवंय आता?" आणि ह्या प्रश्नाला माझ्याकडे त्याच्यापुढे ठेवण्याजोगे उत्तर नव्हते.

चौथ्या रविवारी मी टॅक्सी बोलावली. बास पिशवीत घालून तो स्वतः फाटकापर्यंत नेला. ड्रायव्हरने हात पुढे केला, त्याला नको म्हटले.

गॅरेजात रंगाचे डबे होते, चाक काढलेली सायकल होती, खिडकी नव्हती. बँकवाला मला पाहून खुर्चीवरून उठला. "बसा, बसा," मी म्हटले आणि दाराजवळच्या बाकावर टेकले. कॉफी थर्मासमधून आली, ती ज्याने त्याने आपली ओतून घेतली. अर्धा तास मी ऐकत होते. बँकवाला चांगला वाजवत होता, हे मला मान्य करावे लागेल. ती जागा त्याची झाली होती, हे कोणी बोलून दाखवले नाही आणि मीही विचारले नाही.

"वहिनी, एक गाणं तुम्ही घ्या," डॉक्टर म्हणाले. एकच, हे मला कळले. बँकवाल्याने आपल्या बासमधली वायर काढून तिचे टोक माझ्या हातात दिले.

पहिले कडवे नीट गेले. दुसरे संपता संपता ड्रम थांबले.

"वहिनी, तुम्ही लयीच्या पुढे पळताय."

मोजणीवाले सुरात असलेली तार उगाच पिळू लागले. चष्मेवाल्यांनी छताकडे पाहिले. बिचारा बँकवाला, त्याला काही माहीत नव्हते, तोही सगळ्यांकडे पाहून स्तब्ध झाला. चौघेही मी काय बोलते त्याची वाट पाहत होते, आणि मी आठवून पाहत होते, की असे मला आजवर कोणी तोंडावर म्हटले आहे का. सासूबाईंनीही नाही. ह्यांनी तर नाहीच.

"कुठून पळाले?"

"दुसऱ्या कडव्यापासून," डॉक्टर म्हणाले. "कोणी मागे लागल्यासारख्या."

"मग दुसऱ्या कडव्यापासून घेऊ," मी म्हटले. आणि पहिल्या स्वरावर बोट ठेवून, ते सुरुवातीच्या चार मात्रा मोजतील म्हणून थांबले.