पोटाचं विष आणि दुप्पट खळ

फडकं काळं पडलं तेव्हा हॉलमधल्या शे-दीडशे माणसांनी एकदमच श्वास आत ओढला. फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल. एरवी तिथं विमा एजंटांच्या मीटिंगा होतात. प्लॅस्टिकच्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या, उरलेले भिंतीला टेकून उभे होते आणि समोरच्या टेबलावर माझी धाकटी बहीण आडवी झाली होती. तिच्या पोटावर फिकट पिवळं सुती फडकं अंथरलं होतं. बाबाने त्यावर बाटलीतून फवारा मारला आणि बघता बघता फडक्याच्या मधोमध बशीएवढा काळानिळा डाग उमटला.

"हे काय आहे?" बाबाने माईकमध्ये विचारलं आणि उत्तर यायच्या आत स्वतःच देऊन टाकलं. "हे पोटाचं विष. डॉक्टरांनी पोटाचा मोठा भाग कापून फेकला. पण पोटाला स्मृती असते, मंडळी. कापलेलं पोट रडतं. त्या रडण्याच्या लहरी म्हणजे मळमळ."

मग त्याने दुसरी बाटली उचलली, 'शमनजल' असं पुटपुटला आणि पुन्हा फवारा मारला. डाग फिका झाला, मग पुसट झाला, मग दिसेनासाच झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारच्या बाईने रुमालाने डोळे पुसले. मी हाताची घडी घालून बसले होते.

बाबाला दाढी नव्हती की जटा नव्हत्या. इस्त्रीचा शर्ट, कॉलरला माईक, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. दर दुसऱ्या वाक्यात लहरी. मी त्याचं नाव मनातल्या मनात लहरीबाबा ठेवून टाकलं. वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्यांची मळमळ हाच त्याचा खास विषय होता. धंदा म्हणून निवड चोख होती. या ऑपरेशननंतर सुरुवातीला पुष्कळांना मळमळतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप थांबतं. जे आपोआप थांबणार आहे, ते थांबवायला कोण लागतं?

हे मी ऐकीव सांगत नाही. नऊ महिन्यांपूर्वी माझंही हेच ऑपरेशन झालंय. पोटाची लांबट नळी उरते, केळ्याएवढी. पहिला महिना मी काय काढला ते मलाच माहीत. फोडणीचा वास आला की पोट ढवळायचं. गार पाण्याचा मोठा घोट घेतला की तो जसाच्या तसा परत. वर माणसांचे टोमणे. एकशे सव्वीस किलोची होते तेव्हा म्हणायचे, "जरा तोंड आवर." पोट लहान करून घेतलं तर म्हणाले, "चांगलं धडधाकट पोट कापायला कुणी सांगितलं होतं?" माझं पोट, मी कापून घेतलं. विचारून, तपासण्या करून, कागदावर सही करून. त्याबद्दल मी कुणाचीही माफी मागणार नाही, आणि बाबाची तर नाहीच.

माझ्यानंतर धाकटीने केलं. तिच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते. पहिले तीन बरे गेले. चौथ्यात उलट्या सुरू झाल्या आणि माझ्यासारख्या कमी न होता वाढत गेल्या. शेवटी चमचाभर पाणीही कधी टिके, कधी नाही. मी म्हटलं, "हॉस्पिटलात जाऊ." तिच्या नवऱ्याला आम्ही सगळे थट्टेने जावईबापू म्हणतो. ते म्हणाले, "ताई, डॉक्टरांनीच तर हे करून ठेवलंय. पुन्हा त्यांच्याच दारात?" ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना बाबाचा पत्ता दिला होता. बाबाचा पहिला हुकूम होता, गोळ्या बंद. जीवनसत्त्वाच्या, पित्ताच्या, सगळ्या. दुसरा हुकूम, हॉस्पिटलची पायरी चढायची नाही. उलटी झाली तर घाबरायचं नाही, विष बाहेर पडतंय. या हुकमाला दहा दिवस झाले होते आणि धाकटीचे गाल आत गेले होते.

"ताई, तू तोंड वाकडं करू नकोस," टेबलावरून उतरून ती माझ्याजवळ येऊन बसली. तिचा आवाज ओढल्यासारखा येत होता. "मला बरं वाटणार आहे. बघितलंस ना, केवढं निघालं."

बघितलं होतं, आणि तिथंच तर माझं घोडं अडलं होतं. मी एका मोठ्या लाँड्रीत डाग काढते, चौदा वर्षं झाली. डाग बघून मी सांगते की माणूस काय खात होता आणि कशावर टेकला होता. पोटातून जे जे बाहेर येतं त्याचे सगळे रंग मी धुतलेत. हिरवा, पिवळा, तपकिरी, लाल. असा काळानिळा त्यांत नसतो. पण हा रंग माझ्या ओळखीचा होता. कुठला ते काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेले तर खळीच्या टेबलाशी मावशी ब्रश घेऊन वाकल्या होत्या. त्यांचं काम कपड्यांना खळ देण्याचं. त्यांच्यासमोर फिकट पिवळ्या फडक्यांचा गठ्ठा होता.

"कुणाची हो ही?"

"कुठल्याशा हॉलची. महिनाभर येतायत. कटकट आहे नुसती," मावशी म्हणाल्या. "सगळ्या फडक्याला खळ द्यायची तर देऊन टाकीन. पण नाही. ही चिठ्ठी वाच."

चिठ्ठीवर लिहिलं होतं : मधोमध बशीएवढ्या गोलाला दुप्पट खळ. बाकी कोरं.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं प्रकाश पडला. आमच्याकडे येणाऱ्या हॉस्पिटलच्या चादरीवर जखमेच्या औषधातलं आयोडीन सांडलं तर तपकिरी डाग पडतो. तेच डॉक्टरांच्या खळ दिलेल्या कोटावर सांडलं तर काळानिळा. खळ म्हणजे स्टार्च, आणि आयोडीन लागलं की स्टार्च काळानिळा पडतो. शाळेत बटाट्याच्या फोडीवर थेंब टाकून आम्हाला हे दाखवलं होतं. भिंतीवरच्या प्रथमोपचाराच्या पेटीतून मी आयोडीनची बाटली काढली, पाण्यात इतकं पातळ केलं की कोऱ्या चहासारखं दिसलं, आणि तयार फडक्यावर शिंपडलं. बशीएवढा डाग बरोबर जागच्या जागी आला. कडेला जो पिवळसर ओलावा राहिला, तो फडक्याच्या पिवळ्या रंगात दिसलाच नाही. म्हणून फडकी पांढरी नव्हती. बाबा हुशार होता, फक्त ब्रश घेऊन वाकायचा त्याला कंटाळा होता. खळ द्यायचं काम बाहेर दिलं आणि तिथंच तो फसला.

डाग घालवायला आम्ही लाँड्रीत वेगळी पूड वापरतो. पण काल धाकटीच्या अंगावर उडालेल्या बाबाच्या शमनजलाला आंबट गोळीसारखा वास होता. मी पर्समधली क जीवनसत्त्वाची आंबट गोळी पाण्यात विरघळवली आणि डागावर ओतली. डाग गेला. मावशी बघतच राहिल्या. "म्हणजे त्यांचं विष मीच करत होते का गं महिनाभर?"

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी होती.

"ताई, बेसिनचा नळ दोन दिसतोय. मी हात लावते तिथं तो नसतोच. पायांना मुंग्या आल्यात, उभं राहिलं की झोकांड्या जातायत."

आमच्या सर्जनबाईंनी दोघींनाही बजावलं होतं की उलट्या थांबत नसतील तर ब-एक जीवनसत्त्व संपतं आणि नसांवर येतं, डोळ्यांवर येतं, वेळ काढलात तर कायमचं राहतं. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा." फोन जावईबापूंनी घेतला. "बाबांना विचारलं, ताई. ते म्हणाले, दृष्टी बदलते म्हणजे शेवटचं विष सुटतंय. अकराची खास बैठक आहे, तिकडेच निघालोय."

मी खळीची दोन फडकी, खळ न लागलेलं एक आणि ती चिठ्ठी पिशवीत कोंबली आणि रिक्षा पकडली.

हॉल कालच्यासारखाच भरला होता. धाकटी टेबलावर चढत होती, एका बाजूने नवऱ्याने धरलं होतं आणि दुसऱ्या बाजूने बाबाच्या सेविकेने. मी सरळ पुढे गेले आणि बाबाच्या हातासमोरची पहिली बाटली उचलली.

"बाई, सिद्ध जल आहे ते," सेविका म्हणाली. "हात लावू नका."

"हात लावत नाही, फवारते," मी म्हटलं. टेबलाजवळची रिकामी खुर्ची पुढे ओढली, तिच्यावर पिशवीतलं फडकं अंथरलं आणि फवारा मारला. बशीएवढा काळानिळा डाग उमटला.

मागून कुणीतरी विचारलं, "खुर्चीचं ऑपरेशन कधी झालं?" दोघंतिघं हसले.

बाबा डगमगला नाही. "मंडळी, या खुर्चीवर रोज रुग्ण बसतात. त्यांच्या लहरी खुर्चीत उतरतात."

"बरं." मी ते फडकं काढलं, खळ न लागलेलं त्याच खुर्चीवर घातलं आणि त्याच बाटलीतून त्याच हाताने फवारलं. काही झालं नाही. फडकं नुसतं ओलं झालं. "लहरी फडकं बघून उतरतात का, बाबा?"

"श्रद्धा नसेल तिथं..."

"श्रद्धा नाही म्हणून नव्हे, खळ नाही म्हणून." मी चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि पहिल्या रांगेकडे दिली, म्हटलं हातोहात मागे सरकवा. मग दुसरं खळीचं फडकं उलटसुलट करून दाखवलं. हात फिरवून बघा म्हटलं. दोनचार जणींनी मधला कडक गोल चाचपला. खळ, आयोडीन, आंबट गोळी, सगळं सांगितलं. बाबाचा माईक कधीच बंद झाला होता. सेविका बाटल्या पिशवीत भरत होती.

दुसऱ्या रांगेतली एक बाई उठली. तिच्या आवाजात राग होता. "तुमचं सगळं खरं असेल. पण मला बरं वाटलं त्याचं काय? माझी मळमळ गेली. ती पण खळ का?"

तिची थट्टा करायची नव्हती. तिची मळमळ खरी होती आणि ती गेली हेही खरं होतं. मी विचारलं, "बाबांनी पाणी कसं प्यायला सांगितलं होतं?"

"एक पळी. मग शंभर आकडे. मग दुसरी पळी. जेवताना अजिबात नाही. आधी अर्धा तास, नंतर अर्धा तास तोंड बंद."

"घरी हॉस्पिटलने दिलेला कागद आहे?"

"असेल कपाटात."

"त्यावर हेच लिहिलंय. चमच्याने प्या, थांबा, जेवण आणि पाणी वेगळं ठेवा, वासांपासून लांब राहा. मीही पहिले पंधरा दिवस तो कागद उघडला नव्हता. कागदाने सांगितलं की आपण ऐकत नाही, माईकवरून सांगितलं की ऐकतो. तुम्हाला गुण आला तो तुमच्या पळीने आणि तुमच्या दमाने. श्रेय त्याला कशाला देता?"

ती बाई खाली बसली. चिठ्ठी तिच्यापर्यंत आली तेव्हा तिने ती दोनदा वाचली.

जावईबापू मात्र अजून बाबाकडेच बघत होते. "बाबा, तुम्ही काहीतरी बोला ना," ते म्हणाले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. बायकोवर त्यांचा जीव आहे, म्हणूनच ते इथं आले होते.

बोलली धाकटी. टेबलाची कड घट्ट धरून उभी होती. "मला दोन-दोन बाबा दिसतायत," ती म्हणाली. "दोघांतला एकही सांगत नाहीये की मी मेले तर काय. माझी चप्पल कुठाय?"

जावईबापूंनी खाली वाकून तिच्या पायात चप्पल घातली.

हॉस्पिटलात पहिल्या तासातच सलाईनमधून ब-एक सुरू झालं. पोटाची नळी एका जागी आवळली गेली होती, म्हणून काही खाली उतरतच नव्हतं. सर्जनबाईंनी दुर्बिणीतून आत छोटा फुगा घालून ती जागा रुंद केली. त्या आम्हाला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दहा दिवस आधी आणलं असतं तर हे अगदीच सोपं होतं." धाकटीला आता एकच नळ दिसतो. पण डाव्या पायाची बोटं अजून बधिर आहेत आणि जिना उतरताना ती काठी घेते. ती बोटं परत येतील की नाही, हे कुणीच सांगत नाही. हे दहा दिवस कुणी खाल्ले ते तिला माहीत आहे आणि मलाही.

बाबाचा हॉल रिकामा झाला. ऐकलंय की तो आता दुसऱ्या शहरात अर्धशिशीवर बैठका घेतो.

म्हणून हे लिहिलं. मळमळ ही शिक्षा नाही. पोट रडत नाही, शाप देत नाही, त्याला स्मृती नसते. ते नवं आहे आणि त्याला वेळ लागतो. चमच्याने प्या, थांबा, हॉस्पिटलचा कागद कपाटातून काढा. कुणी चमत्कार दाखवला तर त्याचं फडकं मागून घ्या आणि खुर्चीवर टाकून बघा. तो देणार नाही, आणि त्यातच तुम्हाला उत्तर मिळेल. पण पाण्याचा घोटही टिकेना, पायांना मुंग्या आल्या, एकाचे दोन दिसू लागले, तर काहीही तपासत बसू नका. त्या दिवशी, त्या तासाला हॉस्पिटलात जा. कुणी दारात आडवं आलं, मग तो बाबा असो, नवरा असो की बहीण असो, त्याला बाजूला सारून जा.