काळी केलेली समई

“पंडितजी आहेत काय?”

फाटकाशी पुन्हा कोणीतरी उभं. मी हातातला झारा तसाच धरून बाहेर आले. “आहेत. कुठं जाणार? बसा.”

माझे यजमान शेषगिरी सैन्यात धर्मगुरू होते. पलटणीच्या मंदिरात आरती करायची, नव्या शिपायांना शपथ द्यायची, इस्पितळात पडलेल्यांजवळ बसायचं, आणि एखादा गेला तर त्याच्या शवपेटीबरोबर त्याच्या गावी जायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन तंजावरला आले तेव्हा वाटलं, सुटले एकदाचे. कसले सुटतात! पापनाशमचा म्हातारा सुनेचं गाऱ्हाणं घेऊन येतो, तिरुवैयारूची बाई दारुड्या नवऱ्याला हाताला धरून आणते, कॉलनीतल्या पाण्याच्या मोटारीचं भांडणही आमच्याच ओसरीवर मिटतं. हे सगळ्यांचं ऐकून घेतात आणि मी आत सगळ्यांसाठी कापी उकळत बसते.

त्या दिवशी मात्र माझं डोकंच फिरलं होतं. प्रणवेश, आमचा एकुलता एक, चेन्नईहून न कळवता आला होता. आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्याच्या आवडीची डांगर पचडी केली, तिला त्यानं बोटही लावलं नाही. दुपारच्या गाडीनं परत जातो म्हणत होता. त्याचे डोळे मला बरे दिसत नव्हते. पोर असंच गेलं तर पुन्हा दिसेल की नाही, या भीतीनं माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

“अहो, अस्क्या गावाला, येईल त्या प्रत्येकाला विचारताव, आपल्या पोराला काय म्हणून विचारत नाही?”

“विचारून माणूस बोलत नाही, सुप्रभा.”

“मग कसा बोलतो?”

हे उठून ओसरीकडे निघाले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! मी तणतणत आत आले.

फाटकाशी आलेला माणूस सुब्रमण्यम होता, यांच्या पलटणीतला जुना शिपाई. केळ्यांचा घड ठेवायला तो देवघरापाशी आला आणि हसायलाच लागला.

“अय्यो, मामी! पंडितजींच्या घरी दिवे इतके लखलखीत?”

“मग काय काळे ठेवू? दर गुरुवारी मी घासते. यांना हातसुद्धा लावू देत नाही, ओरखडे पाडतात.”

“पलटणीत पंडितजी दिवे मुद्दाम काळे ठेवायचे,” तो म्हणाला. “कोणी मन हरवून आला की काही विचारायचे नाहीत. चिंचेचा गोळा आणि एक दिवा पुढ्यात ठेवायचे, आपणही एक घ्यायचे. हात कामात असले की तोंड आपोआप उघडतं, मामी. मी जीव द्यायला निघालो होतो. मंदिराची घंटा घासत बसलो, म्हणून आज केळी घेऊन आलो.”

मी कपाळावर हात मारला. संसार झाला इतका, आणि हे मला परक्या माणसानं सांगावं!

तो गेल्याबरोबर मी मोठी समई आत नेली, कापूर पेटवला आणि समई त्यावर धरली. उभ्या आयुष्यात असं पाप केलं नव्हतं. काजळीनं ती पार बरबटली तेव्हा मागच्या पायरीवर नेऊन यांच्यापुढे आदळली. सोबत चिंच.

यांनी समईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग हाक मारली, “प्रणवेश, पाणी आण रे थोडं. आणि हे खालचं तबक तू घे.”

“अप्पा, मज गाडी आहे.”

“असू दे.”

मी दाराआड उभी राहिले. बराच वेळ नुसती घासल्याची खरखर. मग आवाज आला तो यांचाच.

“एक पोर होतं, तुझ्यासारखं. शपथ मीच दिली. हात लटलट कापत होता त्याचा, तर मी हसलो. थंडी पडायच्या आत त्याची पेटी घेऊन त्याच्या गावी गेलो. त्याची आई मला म्हणते, ‘दुरून आलात, जेवलात का?’”

पुन्हा खरखर.

“अप्पा,” प्रणवेश म्हणाला, “माझी नोकरी गेली. पोंगलच्या आधीच. रोज डबा घेऊन निघतों आणि समुद्रावर बसतों. काल वाटलं, आत चालत जावं.”

यांनी हात थांबवला नाही. “बूड घास नीट,” एवढंच म्हणाले. मी तोंडात पदर कोंबला. दुपारची गाडी गेली. संध्याकाळी पोर ताटावर बसलं आणि पचडी दोनदा मागून घेतली.

महिनाभर राहून तो नवी नोकरी शोधायला पुन्हा चेन्नईला गेला. आता रोज फोन करतो, अप्पांना.

मला आनंद झाला, तसा रागही आला. ते पेटीतलं पोर इतकी वर्षं आमच्या दोघांमध्ये झोपलं होतं आणि मला पत्ता नव्हता. माझंही यांना कुठं काय ठाऊक होतं? हे सीमेवर असताना रात्री टेलिफोन वाजला की माझं काय होत असे, ते मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मागच्या पायरीवर समई ठेवली आणि चिंचेचे दोन गोळे.

“अहो, इकडे येताव का?”

हे आले. वेष्टी सावरून बसले आणि काही न विचारता एक गोळा उचलला. दुसरा मी घेतला.

फाटक वाजलं. “पंडितजी आहेत काय?”

“नाहीत,” मी म्हणाले.