लक्क्यांची जोडी

आमच्या घराण्यात मुलींसाठी स्थळं शोधायची पद्धतच नव्हती. स्थळ आपलं मामाकडे वाढत असायचं. पपांचे आईवडील चुलत भावंडं. आई ही पपांच्या सख्ख्या मामाची मुलगी. दोघं एकत्र भांडून-खेळून मोठी झालेली, म्हणून ती पपांना चारचौघांत अरे-तुरे करायची. बिअरचा कारखाना घरात राहतो, चांदीचे चमचे घरात राहतात आणि सुनेच्या खोडी आधीच ठाऊक असतात, असं आमच्याकडे सगळे म्हणायचे. त्यामुळे आईच्या भावाच्या मुलानं, गिल्बर्टनं, मला मागणी घातली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. नवल एवढंच, की पपा उत्तर देईनात.

तेव्हा इडिथला जाऊन सात-आठ महिने झाले होते. माझी धाकटी बहीण. तापानं गेली. डॉक्टर म्हणाले, असला ताप मुलं अंगावर काढतात. तिला तो काढता आला नाही, एवढंच. त्यानंतर मी रडले नाही, आजारी पडले नाही, जेवण टाकलं नाही. सकाळी पावाला लोणी लावायचे आणि ते लावत असलेला हात आपला आहे हे आठवून घ्यायचे. केंटमधलं आमचं घर एरवी गजबजलेलं, पण त्या वर्षी सगळे मोजे घातल्यासारखे चालत होते. फक्त गिल्बर्ट आला आणि त्यानं वेड्यासारखी बडबड सुरू केली की मला थोडं थोडं ऐकू यायचं. याच्याशी लग्न झालं तर आपण बहुधा पुन्हा माणसात येऊ, असं मला वाटे. मला तो हवा होता, आणि त्या दिवसांत मला दुसरं काहीच हवं नव्हतं.

पपा म्हणायचे, "हे पुस्तक होऊन जाऊ दे, मिली." पुस्तक कसलं, तो एक डोंगर होता. सगळ्या जातींची कबुतरं एकाच रानटी निळ्या कबुतरापासून निघाली आहेत, आणि कबुतरांचं जे खरं तेच साऱ्या सृष्टीचं खरं, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. त्यासाठी मागच्या अंगणात ढाबळ होती. तऱ्हेतऱ्हेची कबुतरं त्यात घुमत. मेली की पपा ती उकळून हाडं वेगळी करत आणि मोजत. त्या वासानं पाहुण्यांना मळमळायचं, आम्हाला तो येतोय हे कळायचंही नाही. इडिथची मात्र एक पांढरी लक्का मादी होती, पंख्यासारख्या शेपटीची. तिला कुणी हात लावत नसे.

मे महिन्यात गिल्बर्ट उत्तर घ्यायलाच आला. रविवार होता. पपांनी त्याला बसूसुद्धा दिलं नाही, "चल, तुला ढाबळ दाखवतो," म्हणाले. त्यानं शंभरदा पाहिलेली ढाबळ! मी मागोमाग गेले. आई दाण्यांचा वाडगा घेऊन आमच्या आधीच तिथे उभी होती.

गिल्बर्टला कबुतरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण होणाऱ्या सासऱ्याला खूश करायचं होतं. तो म्हणाला, "आतोबा, इडिथची ही पांढरी एकटीच का? तो शेजारच्या पिंजऱ्यातला नर तसाच तर आहे. जोडी लावून टाका की! बिचारीचा वंश तरी राहील."

"छे, छे. ती दोघं एकाच घरट्यातली," पपा म्हणाले.

"मग काय झालं? आपल्याकडे तर तसलंच चालतं," गिल्बर्ट हसून म्हणाला आणि माझ्याकडे बघून त्यानं डोळा मारला.

आणि पपा बोलू लागले. इतक्या महिन्यांत त्यांच्या आवाजात जीव मी पहिल्यांदा ऐकला. त्यांनी ती लक्का हातात घेतली, तिचा पंख उलगडला. "हे बघ, जवळच्या रक्तात जोडी लावली की पहिल्या खेपेला फारसं कळत नाही. पिल्लं देखणी निघतात. पोटाच्या कुरबुरी असतात, पण जगतात. त्यांचीच पुन्हा घरातल्या घरात जोडी लावायची. आता पिल्लं आणखी देखणी. आणि त्यात एखादं असं निघतं, की सगळ्यांत गोड, सगळ्यांत माणसाळलेलं, हातावर येऊन बसणारं, आणि—"

ते थांबले. त्यांचा अंगठा तिच्या पंखावर तसाच राहिला.

"आणि काय, अँब्रोज?" आईनं विचारलं.

पपांच्या पोटाचं दुखणं लहानपणापासूनचं. जेवल्यावर रोज ते तासभर आडवे पडत. ते मला त्या क्षणी आठवलं.

"सांग ना. एवढं छान सांगत होतास."

"साध्या आजारानंही जातं," पपा म्हणाले.

गिल्बर्ट अजून हसतच होता. "आणि तिसऱ्या खेपेला लावली तर?"

आईनं वाडगा खाली ठेवला, हात झग्याला पुसले.

"गिल्बर्ट, मिलीचं लग्न तुझ्याशी होणार नाही," ती म्हणाली. "तुझ्या आतोबांच्या तोंडून ते निघत नाहीये. का ते मला आत्ता कळलं. म्हणून मी सांगते."

"लव्हिनिया, मला खात्री नाही गं. एक शंका आहे नुसती."

"कबुतरांची आहे ना खात्री?"

"कबुतरांची आहे."

"मग झालं तर. साऱ्या सृष्टीचं एकच म्हणतोस ना तू?" असं म्हणून आई मटण झालं का बघायला आत निघून गेली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

गिल्बर्ट माझ्याकडे बघत होता. मी रडेन, भांडेन, निदान त्याचा हात धरेन असं त्याला वाटलं असावं. मलाही वाटलं होतं. पण आत काही हललंच नाही. मला फक्त एक विचारायचं होतं.

"पपा, त्याच घरट्यातली जी जगतात, त्यांचं काय करता?"

पपांनी माझ्याकडे बघितलं. इडिथ गेल्यापासून पहिल्यांदा नीट बघितलं. ते खोटं बोलू शकले असते. पण जन्मभर खरं तेच सांगायची सवय, ती ऐन वेळी कुठून सुटणार?

"दूरच्या रक्ताचं कुणी मिळालं तर ठीक," ते म्हणाले. "नाहीतर एकटी ठेवतो."

पुढे पुस्तक आलं. माकडं आपले पूर्वज की नाहीत यावरून अख्खा देश हमरीतुमरीवर आला, पाद्र्यांनी पपांना शिव्या घातल्या. आमच्या घरात माकडांचा विषय कधी निघाला नाही. आई-पपा शेवटपर्यंत एका टेबलावर जेवले आणि एकमेकांना मीठ देत राहिले. गिल्बर्टनं लीड्सची कुणी मुलगी केली. तिची मुलं दांडगी आहेत म्हणतात. दूरच्या रक्ताचं कुणी माझ्याकडे आलं नाही. आलं असतं तरी मला ऐकू आलं असतं का, सांगता येत नाही.

त्या रविवारी मात्र सगळे जेवायला आत गेल्यावर मी आईचा वाडगा उचलला आणि पांढरीला दाणे घातले. पिंजऱ्याचं दार मी उघडंच ठेवलं होतं. ती बाहेर आली नाही.