पहिला हंडा इंदुबाईचा

द्रौपदाबाईच्या नळावर माणसं रांगेत उभी राहत नसत, भांडी राहत. मे महिन्याच्या उन्हात उभं राहून मरायचंय का कुणाला? हंडा ठेवायचा, कळशी ठेवायची, काहीच नसेल तर रंगाचा रिकामा डबा ठेवून वाऱ्याने उडू नये म्हणून त्यात दगड टाकायचा आणि घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या. भांडं म्हणजे माणूस. दुसऱ्याचं भांडं ज्याने हलवलं त्याचा नंबर मोडला, तो सगळ्यात मागे. बदलापूरच्या त्या वस्तीत हा कायदा कुणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती, कारण राखणदार द्रौपदाबाई होती. पोटच्या पोरालाही तिने सोडलं नव्हतं. नरेंद्र सातवीत असताना ऐन जयंतीच्या सकाळी त्याने कुणाची तरी कळशी पायाने सरकवली. "नंबर मोडलास. जा मागे." संपलं. त्याचा नंबर येईस्तोवर नळ गेला, आणि पोरगं नवा पांढरा सदरा घालून बिनआंघोळीचं मिरवणुकीत नाचलं. वस्ती अजून त्याला त्यावरून चिडवते.

पण यंदा नळच मेला होता. जांभूळच्या पाणीपुरवठा केंद्राकडून येणारी मोठी पाइपलाइन वस्तीला खेटून जाते, हात ठेवला तर गार लागते, आणि वस्तीच्या नळातून मात्र नुसती फुसफुस. त्याबदली नळाशी टँकर यायचा, रांग तीच. त्याच्या पोटावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'वस्तीसाठी मोफत पाणी'. आधी तो अर्धा यायला लागला, मग एक दिवसाआड, आणि या आठवड्यात तर आलाच नाही. तान्ह्या पोरांचे लंगोट बाया कोरडेच झटकून पुन्हा बांधत होत्या. अहो, माणसाने सोसायचं तरी किती?

त्या दुपारी शलाका धापा टाकत आली. उल्हासनगरला कॉलेजात जाणारी, तोंडाने फटकळ पोरगी. "टँकर त्या श्रीमंतांच्या टॉवरमध्ये जातोय आपला! रोजच जातोय! चंदर ड्रायव्हर नाक्यावर चहा पितोय, त्याच्या तोंडून ऐकलं मी. त्यांचा पोहायचा तलाव भरायचाय, संध्याकाळी कुणाच्या तरी नातवाचा बड्डे हाय तिथं."

नळाभोवती एकच गलका झाला. एक म्हणाली पाइप फोडा, दुसरी म्हणाली टँकर पेटवा.

"पेटवून पाणी मिळतं का गं?" द्रौपदाबाई ओरडली.

"मग काय करायचं, मावशी? तू सांग ना!" शलाकाने तिलाच धरलं.

द्रौपदाबाई आपल्या हंड्याचा काठ पदराने पुसायला लागली. खरं सांगायचं तर तिला उत्तर द्यायचंच नव्हतं. नरेंद्र आता त्याच टॉवरवर वॉचमन होता, आणि आज गेटवर त्याचीच ड्युटी होती. ती घरी बसून जीन्सचे धागे कापायची, ते उल्हासनगरच्या शेठने पावसाळ्यापर्यंत बंद केलेलं. घरात उरला होता तो एकच पगार, पोराच्या निळ्या गणवेशाचा.

तेवढ्यात म्हातारी इंदुबाई उठली. सकाळपासून रांगेत पहिला हंडा तिचा होता. तिने तो कमरेवर घेतला नि चालायला लागली.

"आत्या, कुठं?" कुणीतरी विचारलं.

"पाणी जातंय तिथं. रांग तिकडं लावते. माझा नंबर पहिला हाय, तेवढं ध्यानात ठेवा."

झालं! जिचा तिसरा नंबर तिने आपला हंडा उचलला, मग चौथीने. दुसरा नंबर कुणाचा होता? द्रौपदाबाईचा. रांग राखणारीच मागे राहिली तर उद्या कोण तिचं ऐकणार? तिने हंडा उचलला आणि इंदुबाईच्या मागे निघाली.

टॉवरच्या गेटसमोर रस्त्यावर आडवी रांग लागली. इंदुबाईचा हंडा, द्रौपदाबाईचा हंडा, कळशा, डबे, पार पलीकडच्या गटारापर्यंत. घोषणा नाही, काही नाही. बाया कडेच्या भिंतीच्या सावलीत जाऊन बसल्या, रोज बसतात तशा. शलाका तेवढी आपल्या डब्याजवळ उभी.

नरेंद्रने आईला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

टँकर आला. चंदरने हॉर्न मारला, पुन्हा मारला, आणि हंड्यांपासून हातभर अंतरावर करकचून ब्रेक दाबला. मागे गाड्या तुंबल्या. बाल्कन्यांतून मोबाइल बाहेर आले. सुपरवायझर हिंदुराव आतून तणतणत आला.

"काय तमाशा लावलाय? ए नरेंद्र! बघतोस काय? उचल ती भांडी आणि फेक गटारात!"

"साहेब, त्या बायकांशी बोलून..."

"नोकरी पाहिजे का नको? सांग, दुसरा उभा करतो आत्ता!"

नरेंद्रने ओठ चावला. खाली वाकला आणि रांगेतला पहिला हंडा उचलला.

सावलीतल्या बाया ताडकन उठल्या. द्रौपदाबाईने बघितलं, शलाकाच्या हातात डब्यातला दगड आला होता. आणखी दोघी-तिघी खाली वाकल्या होत्या. पोरी नरेंद्रच्या डोक्याकडे बघत होत्या, त्याच्या तोंडाकडे नाही. गप्प बसावं तर दगड सुटणार, पोराचं डोकं फुटणार, मग पोलिस, मग पोरींच्या नावाने केस. बोलावं तर चूल विझणार. पोराला वाढवलं ते काय त्याच्या पोटावर पाय द्यायला? पण तो हंडा इंदुबाईचा होता. पहिला होता.

"नरेंद्र!" ती सावलीतून ओरडली. "नंबर मोडलास. जा मागे."

नरेंद्र वळला. इंदुबाईचा हंडा दोन्ही हातांत धरून, खाली मान घालून तो रांगेच्या कडेने चालायला लागला. कळशा ओलांडल्या, डबे ओलांडले.

"अरे ए! तिकडं कुठं निघालास? गटारात टाक म्हटलं ना!" हिंदुराव किंचाळला.

नरेंद्र पार शेवटी, गटाराच्या काठाला पोचला. तिथे त्याने हंडा टाकला नाही, रांगेत खाली ठेवला. आणि त्याच्या बाजूला उभा राहिला.

बायांमधून कुणीतरी फिस्सकन हसलं. "आंघोळ केलीस का रे आज?"

आणि सगळ्याच हसल्या, रडवेल्या, घाबरलेल्या, सगळ्या. शलाकाने हातातल्या दगडाकडे बघितलं आणि तो पुन्हा आपल्या डब्यात ठेवला.

"उद्यापासून येऊ नकोस तू!" हिंदुरावने जागेवरूनच सुनावलं. "टोपी काढ, आत्ताच्या आत्ता!"

नरेंद्रने टोपी काढून त्याच्याकडे फेकली.

चंदरने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. हिंदुराव त्याच्यावर धावला, तेव्हा टँकरच्या पोटावर थाप मारून तो म्हणाला, "ओरडू नका साहेब. इथे काय लिहिलंय त्यावरून मी रोज फडकं फिरवतो, वाचता येतं मला. वर सांगा, रस्ता बंद होता." त्याने पाइप सोडला. "चला, पहिला नंबर कुणाचा?"

आता आली का पंचाईत! पहिला हंडा तर पार शेवटी गेलेला. इंदुबाई रिकाम्या हातांनी उभी होती. सगळ्या द्रौपदाबाईच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

"नंबर याने मोडला, आत्याने नाही," द्रौपदाबाई म्हणाली आणि आपला हंडा तिने इंदुबाईच्या पुढ्यात सरकवला. "घे. नंबर तुझा, हंडा माझा."

"आणि तुला गं?"

"माझं माझ्या पोराबरोबर. शेवटी."

शेवटपर्यंत पाणी पुरत नाही, हे कुठल्याही नळावरची बाई सांगेल. कळशा भरल्या, डबे भरले, शलाकाने दगड बाजूला काढून आपला डबा भरून घेतला. नरेंद्रच्या आधीच्या डब्यात पाइपने चूळभर पाणी टाकलं आणि थांबला. एकेक करून बाया हंडे घेऊन निघाल्या. इंदुबाईने आपल्यातलं अर्धं देऊ केलं, द्रौपदाबाईने तिला दटावून घरी पाठवलं. घरात आजारी नवरा होता तिच्या.

मायलेक इंदुबाईच्या रिकाम्या हंड्याजवळ उरले.

"मी तुझी नोकरी खाल्ली रे," द्रौपदाबाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. भर रस्त्यात, वरून मोबाइल बघत असताना.

"मला कळलंच नाही आई. तू बोललीस आणि पाय आपले निघालेच." त्याने बाहीने तोंड पुसलं. "बरं झालं बोललीस. नाहीतर टाकला असता मी गटारात. आत्याचा हंडा! टाकला असता गं."

तिने पदराने डोळे पुसले, हंडा उचलला, आणि वस्तीकडे न जाता सरळ टॉवरच्या गेटशी गेली. दोन दरवाज्यांच्या बरोब्बर मध्ये तिने तो ठेवला.

"आता हे काय?" हिंदुराव खेकसला, पण हंड्याला हात लावायला पुढे आला नाही.

"नंबर लावलाय. उद्याचा."

मागे चपलांचा आवाज झाला. शलाका परत आली होती. डबा घरी ओतून, रिकामा करून आणला होता तिने. इंदुबाईच्या हंड्यामागे तो ठेवला आणि आत दगड टाकला.