माझ्या अंगावरची खोटी बाग

मी विद्यापीठाच्या फाटकाशी उभा असलेला एक जुना नकाशा आहे, आणि मित्रांनो, हातात ब्रश धरलेल्या माणसावर माझा काडीचाही विश्वास नाही. का, ते ऐका.

जाड पत्रा कापून, घासून, रंगवून मला घडवलं. डाव्या खांद्यावर वसतिगृहं, उजव्यावर प्रयोगशाळा, पोटावर ग्रंथालय, पायाशी प्राध्यापकांची वसाहत. वसतिगृहं आणि पुस्तकबाजार यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ होती. ती बायंडरांची गल्ली. विद्यार्थ्यांचे प्रबंध तिथेच बांधले जात.

नवी मुलं सामान खाली ठेवून माझ्यावर बोट फिरवत. "बरं झालं हा आहे, नाहीतर हरवलोच होतो," म्हणत. कौतुक गोड लागे, पण ती बोटं मला मुळीच आवडत नसत. 'आपण येथे आहात' हा माझा लाल ठिपका त्यांनी घासून घासून नाहीसा केला. जगाला वाट सांगणाऱ्या मलाच आपण कुठे आहोत ते कळेना!

पुढे बरेचसे लोक फोनमध्ये वाट शोधू लागले. माझ्यावर भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती चिकटल्या, कडांना गंज चढला. म्हणून एका सकाळी रंगारी आला तेव्हा मनात शंकेची पाल चुकचुकली. इतकी वर्षं कुणी धूळ पुसली नाही, आज एकदम एवढी माया कशी? माझ्या कोपऱ्यात पूर्वी सायकल दुरुस्तीची दुकानं होती. ती आधी अशाच एका ब्रशखाली माझ्यावरून गेली, मग जमिनीवरून.

त्याने ग्रंथालय उजळलं आणि बायंडरांच्या गल्लीवर हिरवा रंग फासून बाग काढली. तिथे साधं झुडूपही नव्हतं.

गल्लीतल्या पहिल्या दुकानाची मालकीण, सगळ्यांची बायंडरमावशी, जाता जाता थबकली. "अहो, आमची गल्ली कुठे गेली?"

"मला दिलेल्या चित्रात बागच आहे, मावशी. मी आपला हुकमाचा ताबेदार."

"बाग! मग आम्ही काय झाडं आहोत?"

माझ्यावर गल्ली दिसेना, तशी नवी मुलं आता लांबच्या दुकानांत जाऊ लागली. मग मोजणीची टेप घेऊन दोन साहेब आले. माझ्याकडे बोट दाखवून एक म्हणाला, "बघा, इथे गल्ली नाहीच. मग दुकानं पाडायला अडचण कसली?" कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि साक्षीला मलाच उभं केलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

त्या दिवसापासून मावशी बांधलेला प्रबंध हातात देताना प्रत्येकाला सांगू लागली, "जाताना नकाशावर आमची गल्ली मित्रांना दाखव. बोट चांगलं घासून दाखव."

"घासून काय होणार, मावशी?" एका मुलीने विचारलं.

"अगं, एवढा लाल ठिपका गेला, तिथे ही बाग काय टिकते!"

मुलं आली, आणखी मुलांना घेऊन आली. हिरवा रंग विरत गेला आणि खालची काळी रेघ डोकावू लागली. ज्या बोटांवर मी जन्मभर संशय घेतला, त्यांनीच माझ्या तोंडचं खोटं पुसलं.

आज रंगारी पुन्हा आला आहे. या वेळी डबा मोठा आहे. तो त्या रेघेकडे बघत उभा आहे, झाकण अजून उघडलेलं नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. फाटकाशी आलात तर फोन खिशात ठेवा आणि बायंडरांची गल्ली कुठे आहे ते एकमेकांना दाखवा. माझ्यावर बोट ठेवा, आणि जरा जोरातच ठेवा.